चोवीसचा पाना

रखमाजीचा निरोप आला तोच मुळी असा: धोंड्याला या, आन् येताना पाने घेऊन या.

कौसल्येनं बापाच्या या निरोपातला अर्धाच ऐकला. चार वर्षं वाट बघितलेली बाई दुसरं काय करणार? तिचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी अधिक महिना आला होता. तेव्हा थोरल्या बहिणीच्या, उषाच्या, नवऱ्याला, साहेबराव गुरुजींना, मानानं बोलावणं गेलं. कौसल्येच्या नवऱ्याला, भिवाला, गेलं नाही. का, तर लग्न जमवताना भिवाच्या चुलत्यानं ‘पोराचं जालन्यात गॅरेज हाय’ असं ठोकून दिलं होतं. हळद निघाल्यावर कळलं, गॅरेज दुसऱ्याचं, पोरगा तिथं रोजावर फिटर. आता यात भिवाची काय चूक? पण चुलता वर्षाच्या आत मरून गेला, मग रखमाजीनं राग धरायचा कुणावर? धरला भिवावर. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून एकदाही ‘जावईबापू’ निघालं नाही. फिटर म्हणायचा. तोंडावर म्हणायचा.

म्हणून नव्याण्णव सालच्या धोंड्याचा निरोप आला तेव्हा कौसल्या एवढी हरखली, की हातातली भाकर तव्यावर करपली. तिला सोनं नको होतं, लुगडं नको होतं. दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले बघायचे होते. एकावर गुरुजी, एकावर आपला नवरा. बापानं एकाच परातीत दोघांचे पाय धुवायचे, बस्स. एवढं झालं की तिच्या जीवाची चार वर्षांची जळजळ शांत होणार होती.

“पाने काहून मागवले असतील?” तिनं विचारलं.

“पिकपचा पुढचा आक्सल वाकलाय म्हने,” भिवा म्हणाला. “जाऊ. हातासरशी करून टाकू.”

भिवा असाच. बोलायला कमी, हाताला जास्त. त्यानं भंगार बाजारात दोन दिवस फिरून एक चांगला आक्सल हुडकला, घासून पुसून सरळ आहे का ते सुतळी लावून बघितलं, आणि एस्टीच्या टपावर टाकून सासुरवाडीला घेऊन गेला. धोंड्याला जाणाऱ्या जावयानं टपावर आक्सल नेलेला त्या कंडक्टरनं पहिल्यांदाच पाहिला असेल. फाट्यावर उतरल्यावर बैलगाडी मिळेपर्यंत दोघं नवरा-बायको त्या लोखंडावरच बसून राहिले.

कुंभार पिंपळगावापासून दीड कोसावर रखमाजीची वस्ती. दारात पत्र्याचं शेड आणि शेडात ती पिकप. कधीकाळी निळी असावी. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी कांदा, कडबा, बाजाराची माणसं, जे मिळेल ते ती वाहायची. चैतात वऱ्हाड घेऊन ओढ्यात आदळली आणि पुढची दोन्ही चाकं फेंगडी झाली. अधिकात लग्नं नसतात, गाडीला काम नाही, आणि फुकटचा फिटर जावई आहे. रखमाजीचं डोकं असं चालायचं. एका दगडात दोन पाखरं, आणि दगडसुद्धा दुसऱ्याचा.

“नवा न्हाई दिसत,” आक्सलकडं बघून तो म्हणाला. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.

“जुनाच हाय मामा, पन बराबर हाय. बिलकुल सरळ.”

“बघू. परवा दुपारी धोंडा हाय, तवर झाली पायजे गाडी. गुरुजींना जांबला समर्थाच्या दर्शनाला न्यायचंय.”

गुरुजी आधीच येऊन ओसरीवर खाटेवर बसले होते. माणूस वाईट नव्हता. पांढरा पायजमा, खिशाला पेन, आणि ज्यानं मान दिला त्याच्या हो ला हो. त्यांनी भिवाला रामराम केला, भिवानं त्यांना केला, आणि हा शेडात गेला तो दोन दिवस शेडातच राहिला.

काम काही सोपं नव्हतं बरं का. गॅरेजमध्ये गाडी चढवायला घोड्या असतात, इथं काय? द्वारकाबाईचं, म्हणजे सासूचं, जुनं दगडी उखळ एका बाजूला पालथं घातलं, दुसऱ्या बाजूला बाभळीचे ओंडके रचले, त्यावर चेसी टेकवली. मागच्या चाकांना धोंडे लावले. चाकं काढली. स्प्रिंगच्या पाट्यांना आक्सल आवळून धरणारे यू-बोल्ट असे गंजले होते की पान्यानं नटच गोल व्हायला लागले. भिवानं त्यावर रॉकेलच्या चिंध्या गुंडाळून रात्रभर ठेवल्या, सकाळी हातोडीनं ठोकून ठोकून एकेक नट सोडवला. पत्रा वरून तापलेला, खाली माती तापलेली. उताणं पडून तो काम करत होता आणि डोळ्यांत गंज पडत होता.

कौसल्या त्याच्या हाताशी होती. माहेरपणाला आलेली लेक ओसरीवर गप्पा मारायची सोडून शेडात बसून पाने देते, हे बघून उषा दोनदा हसून गेली. “अगं, तुला बी गॅरेजात रोज मिळतो का?” म्हणाली. कौसल्या हसली नाही. नवा आक्सल जॅकवर चढवताना तिनं एका बाजूनं खांदा लावला. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना केबिनमध्ये बसून तिनं पायडल दाबलं. सोड म्हटलं की सोडायचं, दाब म्हटलं की दाबायचं. पोटरीत गोळे आले, पण तिच्या मनात एकच. एकदा ही चाकं सरळ उभी राहिली की आबांना मान द्यावाच लागेल. कुठल्या तोंडानं नाही म्हणतील?

अगं बाई, नाही म्हणायला तोंड लागतंच असं कुठंय!

तिसऱ्या दिवशी दुपारी पुरण शिजलं, धोंडे तळले गेले, तेहतीस अनारसे मोजून झाले. भिवाचं थोडंसंच राहिलं होतं. कौसल्या पळत सांगायला गेली, “आबा, अर्धा घंटा थांबा, हे आंघोळ करून येतेत.” रखमाजीनं ऐकलं आणि परात मागवली. अंगणात रांगोळी काढून एकच पाट मांडला होता. त्यावर गुरुजी बसले. रखमाजीनं तांब्याच्या परातीत त्यांचे पाय घेतले, आधी दुधानं, मग पाण्यानं धुतले, पंचानं पुसले, अंगठ्याला गंध लावलं. हातात अनारशांचं ताट, वर चांदीचा दिवा. उषा पदर सावरून शेजारी उभी होती, तोंड असं फुललेलं की विचारू नका.

तेवढ्यात भिवा रॉकेलनं हात आणि साबणानं तोंड धुऊन अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. नवा सदरा घातला होता बिचाऱ्यानं, घडीचा. द्वारकाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. रखमाजीनं भिवाच्या पायांकडं बघितलं. नखांत काळं, टाचांना ग्रीस.

“आता ते पाय परातीत घातले तर परात पितांबरीनं बी निघायची न्हाई,” तो म्हणाला. “फिटर, तुमचं ताट तिकडंच धाडतो. तुमाला शेडाची सवय झालीच हाय.”

गुरुजी हसले. का हसले त्यांनाही ठाऊक नसेल. उषा हसली. आणि कौसल्येच्या मायनं, द्वारकाबाईनं, तोंडाला पदर लावला तो हसू दाबायलाच लावला. हे कौसल्येनं नीट बघितलं आणि जन्मभरासाठी बघून ठेवलं.

ताट तिनंच नेलं. जर्मनची ताटली, त्यात चार धोंडे, भात, आमटी. अनारसे नाहीत, दिवा तर नाहीच. भिवा ओंडक्यावर बसून जेवला. सदऱ्याच्या बाह्या वर सारून, सावकाश. तिच्याकडं न बघता म्हणाला, “धोंडे चांगले झालेत.”

यापेक्षा त्यानं ताटली भिरकावली असती तर तिला बरं वाटलं असतं. ती तिथंच खाली बसली.

चार वाजेपर्यंत भिवानं चाकं चढवली, नट आवळले, गाडी अंगणात पुढं-मागं करून बघितली. सुतासारखी सरळ चालली. मग तो ओसरीच्या पायरीशी गेला. “मामा, एक सांगायचं होतं गाडीचं.”

रखमाजी गुरुजींना पान देत होता. “गाडीचं मला सांगू नका फिटर. सहा वर्षं झाली हाकतोय मी. तुमची एस्टी चुकंल बघा.”

भिवा परत फिरला. कौसल्येला चार दिवस राहायचं होतं, त्याला मात्र सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. त्यानं तिला शेडात बोलावलं. “हे बघ, नीट आयक. नवा आक्सल बसवला की पाटे त्याच्यावर बसतेत, मंग नट ढिले पडतेत. किती बी आवळा, पडतेतच. वीसेक कोस गाडी चालली की पुन्यांदा आवळायचे, आन् वझं भरायच्या आधी तर आवळायचेच. आबाला सांग. हा चोवीसचा पाना सीटखाली ठिवून जातो.”

“आन् न्हाई आवळले तर?”

“आक्सल सरकंल. स्टेरिंग हातात ऱ्हाईल आन् गाडी भलतीकडं जाईल.” त्यानं हात पुसले. “म्हन बरं, काय सांगशील?”

तिनं पोरीसारखं म्हणून दाखवलं. पाना खडखडू नये म्हणून त्याला चिंधी हवी होती. तिनं आपल्या हिरव्या लुगड्याचा फाटका काठ टरकावून दिला. भिवानं पाना त्यात गुंडाळला, सीटखाली सारला, बाकीच्या पान्यांचं पोतं खांद्यावर टाकलं आणि फाट्याची वाट धरली. निघताना कुणी त्याच्या हातावर दही घातलं नाही.

रात्री जेवताना ती सांगणारच होती. घास हातात होता, शब्द ओठावर होता. तेवढ्यात रखमाजी गुरुजींना म्हणाला, “आसं असतंय बघा. एकच मानूस, जावयाचा जावई आन् मजुराचा मजूर. चार धोंड्यांत आक्सल बसला!” पुन्हा सगळे हसले. कौसल्येनं घासाबरोबर शब्दही गिळला. सकाळी सांगू, म्हणाली मनाशी. सकाळ काय पळून जाते का?

सकाळी पिकपला हार घातला, नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. रखमाजी स्टेरिंगवर, शेजारी गुरुजी. गाडीनं लिंबू चिरडलं आणि निघाली. तेव्हा मात्र कौसल्येला सीटखालचा पाना आठवला. ती दोन पावलं धावली. “आबा...”

तेवढ्यात मायचा हात तिच्या तोंडावर बसला. “निघालेल्या मानसाला मागून हाक मारती का, अवदसे! देवाला चालले ते. अपशकुन करती?”

आता खरं सांगायचं तर हात झटकायला काय लागत होतं? मायचा हात तो, वाघाचा पंजा नव्हे. एक शब्द जास्त बोलली असती तर गाडी दहा पावलांवर थांबली असती. पण रीत होती ना! निघालेल्याला टोकू नये, शेंबडं पोर सुद्धा सांगेल. कौसल्येनं तोंड मिटलं, आणि मिटताना तिला बरं वाटलं. मी सांगायला गेले, मला सांगू दिलं नाही. आता जे होईल ते यांचं. फिटरचे पाय घाण काय? बसा मग.

झालं काहीच नाही. जांबहून दुपारी गाडी धडधाकट परत आली. प्रसाद वाटला गेला. कौसल्येला वाटलं, भिवाच उगाच घाबरतो.

आणि दुसऱ्या दिवशी तिला आणखी एक सबब मिळाली. त्या दिवशी आष्टीचा बाजार. पिकपमध्ये कांद्याची पोती भरली, पाटे दबून सपाट झाले. गुरुजींना आष्टीहून गावाकडची एस्टी धरायची होती, ते पुढं बसले. उषा मागं राहणार होती. कौसल्या दारात उभी राहून पोती मोजत होती. आज कुणी तिचं तोंड धरलं नव्हतं. पण आता सांगितलं तर आबा विचारणार, परवाचा निरोप आज का? काल दिवसभर काय तोंडात मूग होते? आणि मग तिला पुन्हा तो पाट दिसला, ती परात दिसली, आणि मायचा तो पदर. ती आत जाऊन ताक घुसळायला बसली. गाडी गेल्याचं तिनं आवाजावरून ओळखलं.

अकराच्या सुमाराला एक जण सायकल दामटत आला. आष्टीच्या रस्त्याला उतारावर पिकप खड्ड्यात पलटी झालेली. रखमाजीचा खांदा निखळला होता. गुरुजी दाराखाली सापडले होते. उजवा पाय.

जालन्याच्या दवाखान्यात तो पाय गुडघ्याखाली कापला. परातीत दुधानं धुतलेला, गंध लावलेला पाय. देवानं निवडून घेतला म्हणा किंवा कौसल्येनं, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

भिवाला गॅरेजात कळलं तसा तो सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचला. रक्ताची बाटली दिली. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ डबा पोचवला. पण तोवर ओढून आणलेल्या पिकपकडं बघून कुणीतरी म्हणून गेलं होतं, की आक्सलचे नट ढिले होते. नवव्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात रखमाजीनं गळ्यात बांधलेल्या हातासकट भिवाला गाठलं.

“रगत देऊन पाप फिटतं का रे? नट आवळले न्हाईस तू. मान न्हाई दिला म्हनून सूड घेतला. माझ्या उषीच्या कुंकवावर उठला!”

“आवळले होते, मामा,” भिवा म्हणाला. “पन वझं घ्यायच्या आधी पुन्यांदा आवळावे लागतेत. मी सांगून गेल्तो.”

“कोनाला?”

“कौसल्येला. इचारा तिला.”

त्यानं हे किती सहज म्हटलं! बायको म्हणजे घरचीच साक्ष, तिथं शंका कसली. सगळ्यांनी कौसल्येकडं बघितलं. बाप, माय, आणि भिंतीला टेकून खाली बसलेली उषा. उषाच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत गुरुजींच्या चपला. दोन्ही. दवाखान्यानं दिल्या तशा तिनं धरून ठेवल्या होत्या.

हो म्हणायचं होतं. दोन अक्षरंही नाहीत, एक अक्षर. पण कौसल्येची नजर त्या चपलांवरून हलेना. हो म्हटलं की हा पाय तिनं कापला असं ठरणार. बहीण जन्मभर तिच्याकडं कशी बघेल, माहेरचं दार, माय, बाप, सगळं एका अक्षरात जाणार. आणि नाही म्हटलं तर? जो आधीच फिटर होता तोच राहील. त्याला शेडाची सवय आहे.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला काई सांगितलं न्हाई यांनी.”

भिवानं तिच्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर तिनं सोसलं असतं. तो असं बघत होता की आपणच काही चुकीचं ऐकलं. मग त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली आणि हातातला डबा बाकावर ठेवला.

“मंग इसरलो आसन मी,” तो म्हणाला.

रखमाजी सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर थुंकला. भिवानं बाहीनं तोंड पुसलं आणि जिना उतरून गेला.

संध्याकाळी द्वारकाबाईनं लेकीला कोपऱ्यात बोलावलं आणि पदराखालून एक वस्तू काढून तिच्या पिशवीत कोंबली. पिकपमधलं सामान पोत्यात भरून घरी नेलं होतं, त्यात निघालेली. हिरव्या काठात गुंडाळलेला चोवीसचा पाना. तो काठ द्वारकाबाईच्या ओळखीचा होता, ते लुगडं दिवाळीला तिनंच लेकीला घेतलं होतं.

“माय, मी सांगायलाच...” कौसल्या रडायला लागली.

“चूप! त्या दिवशी मीच तुझं तोंड दाबलं. आता मरस्तोवर तूच दाबून ठिव. एका लेकीचं घर मोडलं, दुसरीचं माहेर मोडायचं न्हाई मला.”

“आन् हे? यांचं काय?”

“मानसाला सवय होऊन जाती,” माय म्हणाली.

जालन्यात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? ज्यानं नट न आवळता सख्ख्या साडूचा पाय घालवला, त्याच्या हाती गाडी कोण देणार? महिन्याच्या आत गॅरेज सुटलं. दुसऱ्यांनी दारात उभं केलं नाही. शेवटी भिवा मोंढ्यात हमालीला लागला. सकाळी जायचा, पोती वाहायचा, संध्याकाळी यायचा. तिच्यावर कधी हात उचलला नाही, कधी विचारलं नाही, कधी टाकून बोलला नाही. दिवाळीला, पंचमीला तिला स्वतः एस्टीनं फाट्यापर्यंत पोचवायचा आणि तिथूनच परत फिरायचा. वस्तीवर तिला मान होता. कौसल्या खरं बोलली, नवऱ्याची भीड ठेवली नाही, असं रखमाजी चारचौघांत सांगायचा.

पाना तिनं ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरून ठेवला होता. टाकून द्यायचा धीर झाला नाही. भंगारात द्यावा तर कुणी ओळखेल, विहिरीत टाकावा तर तिथवर न्यायचा कसा.

त्याच वर्षी पौषात तिला ताप भरला. तीन दिवस अंथरुणात होती. भिवानं भाकरी थापल्या, पीठ संपलं. दळायला ज्वारी काढायची म्हणून त्यानं कोठीत हात घातला. ज्वारी तळाला गेली होती. तिला आठवलं, पण उठेपर्यंत उशीर झाला होता. ती अंथरुणातून बघत राहिली. त्याचा हात आत थांबला. हिरवी गुंडाळी बाहेर आली. त्यानं एक वेढा सोडला, पाना बघितला, अंगठ्यानं त्यावरची भुकटी पुसली. सहा-सात महिन्यांनी त्याच्या हातात पाना आला होता.

तिला वाटलं, आता मारेल. मारावं, असंही वाटलं.

त्यानं चिंधी पुन्हा होती तशी गुंडाळली, गुंडाळी कोठीत तळाशी ठेवली आणि उरलेली ज्वारी हातानं त्यावर सारली. झाकण लावलं. मग दळणाचा डबा उचलून दारात गेला आणि पाठमोराच म्हणाला, “दळन जाड आनू का बारीक?”